पदवीला वाहिलेला झेंडू

आमच्या घरात देव्हारा नाही. तो गेला तेव्हा मी जन्मलेही नव्हते, पण कसा गेला ते मला तोंडपाठ आहे, कारण आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते इतक्या वेळा सांगितलंय. घराण्याने दीक्षा घेऊन बरीच वर्षं झाली होती, तरी माझ्या आजीच्या फळीवर जुन्या देवांचे टाक तसेच होते. आबा तेव्हा विशीत, नगरपालिकेच्या सफाई खात्यात नुकतेच लागलेले. एका सकाळी त्यांनी सगळे टाक जुन्या धोतरात बांधले आणि नदीत सोडून आले. आजी तीन दिवस जेवली नाही. चौथ्या दिवशी जेवली आणि म्हणाली, "आता काही वाईट झालं तर मला सांगू नको."

"काही झालं नाही," आबा गोष्ट संपवताना म्हणतात. "तू झालीस. तीही इंजिनिअर."

आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट मी. हे मी कुणालाही सांगते, विचारलं नाही तरी सांगते. जर्मनीत रेगेन्सबर्गच्या आमच्या फ्लॅटमध्ये दारातून आत आलं की समोरच्या भिंतीवर माझी पदवी दिसते, काचेच्या फ्रेममध्ये. या देशात आम्ही तीन घरं बदलली. प्रत्येक घरात पहिला खिळा तिच्यासाठी ठोकला गेला. नवरा चिडवतो, "गाद्या नंतर, पदवी आधी." चिडवू दे. त्याचे आजोबा बी.ए. होते. त्याला काय कळणार.

मागच्या जूनमध्ये आईआबा पहिल्यांदा आमच्याकडे आले, दोन महिन्यांसाठी. ते आले तेव्हा एक गोष्ट मला, नवऱ्याला आणि आमच्या नऊ वर्षांच्या मुलीला माहीत होती आणि त्या दोघांना नव्हती. मी इंजिनिअरिंग सोडलं होतं.

अकरा वर्षं मी गाडीच्या दाराच्या रबरी पट्टीवर काम केलं. पाऊस गाडीत शिरू द्यायचा नाही, हे माझं काम. चांगलं करायचे, हे सांगायला मला संकोच नाही. कंपनीत माणसं कमी करायचं ठरलं आणि जो आपणहून जाईल त्याला जाऊ देऊ, असं सांगितलं गेलं, तेव्हा सगळे एकमेकांकडे बघत बसले. मी हात वर केला. मुलगी किंडरगार्टनमध्ये होती तेव्हा मी दर शुक्रवारी तिथे गोष्टी वाचून दाखवायला जायचे. रबरी पट्टीने मला कधी विचारलं नव्हतं की पुढे काय झालं. सप्टेंबरपासून मी किंडरगार्टनची शिक्षिका व्हायचं शिक्षण घेणार होते, तीन वर्षांचं, कामासोबतचं. करारावर सही झाली होती.

आबांना हे सांगायचं होतं. विमानतळावरून येताना सांगायचं, असं ठरवलं होतं. मग ठरवलं, जेट लॅग उतरू दे. मग ठरवलं, रविवारी.

त्याचं कारण ती फ्रेम. आबा पहिल्याच सकाळी पाचला उठले, आंघोळ केली, पांढरा सदरा घातला आणि पदवीसमोर हात जोडून उभे राहिले. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. तिसऱ्या दिवशी फ्रेमच्या कोपऱ्यात झेंडूचं फूल खोचलेलं दिसलं. चौथ्या दिवशी दोन.

"आबा, ही फुलं कुठून आणली?"

"खालून. दारापाशी कुंड्या आहेत ना."

"त्या घरमालकिणीच्या आहेत. इथे असं न विचारता तोडत नाहीत."

"झेंडू खुडला की जास्त फुलतो. तिचाच फायदा आहे." मग म्हणाले, "आणि ती बाई काय करते ते बघितलंस? कुंडीत वाटी पुरते आणि त्यात दारू ओतते. बीअर. मी वरून बघितलं. झाडाला नैवेद्य दाखवते का काय ही?"

मला काही कळेना. आईने मात्र वेगळाच अर्थ लावला होता. "अहो, तिचा नवरा गेलाय. त्याच्या नावाने ठेवत असेल. आपण कशाला बोलायचं."

आमची घरमालकीण तळमजल्यावर एकटी राहते. ऐंशीच्या आसपास वय, ताठ कणा. आयुष्यभर शाळेत धर्म हा विषय शिकवला. दोन दिवसांनी जिन्यात भेटली तेव्हा वैतागलेली होती. म्हणाली, गोगलगायींनी यंदा वेड लावलंय. रोज दोन-दोन फुलं नेतात. पानाला धक्का नाही, फक्त फूल गायब. बीअर ठेवली, बुडून मरतील म्हणून, तर वाटीत एकही गोगलगाय सापडत नाही.

मी खरं सांगितलं. दुसरं काय करणार. गोगलगाय अडुसष्ट वर्षांची आहे आणि आमच्याकडेच राहते.

ती आधी हसली नाही. विचारलं, "आणि फुलं कोणासाठी?"

"माझ्या डिग्रीसाठी."

तेव्हा हसली. म्हणाली, रविवारी दुपारी सगळ्यांनी कॉफीला या, चेरीचा केक करते. मला त्या गृहस्थांना भेटायचंय.

त्याच आठवड्यात मुलीला शाळेतून काम मिळालं होतं. ती एथिकच्या वर्गात बसते. जे चर्चचे नाहीत त्या मुलांचा तो तास असतो. प्रत्येकाने आपल्या घरातली पवित्र वस्तू आणायची आणि तिच्याबद्दल पाच मिनिटं बोलायचं. तिने मला विचारलं आणि मी फट्‌कन म्हणाले, "आपल्यात पवित्र वगैरे काही नसतं." ती फ्रेमकडे बघत राहिली. नऊ वर्षांची असली तरी डोळे आहेत तिला.

रविवारी नवरा कामानिमित्त गावाला होता, म्हणून आम्ही चौघं खाली गेलो. आबांनी सदऱ्यावर जाकीट चढवलं होतं. घरमालकीण शिक्षिका होती हे कळल्यापासून ते तिला "बाई" म्हणत होते, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं, आणि तिच्यासमोर खुर्चीत पाठ टेकून बसत नव्हते. भाषांतराचं काम मुलीकडे. तिचं मराठी समजण्यापुरतं पक्कं आहे, बोलताना अडखळतं. पण आजीआजोबांसाठी ती नेटाने बोलत होती.

आबांनी पहिल्यांदा फुलांची माफी मागितली. मग, आपण चोर असलो तरी अंधश्रद्धाळू नाही हे बाईंना कळावं म्हणून, नदीत सोडलेल्या देवांची गोष्ट सांगितली, सगळी, धोतरासकट. मुलीने भाषांतर केलं. घरमालकिणीने काटा खाली ठेवून ऐकलं आणि म्हणाली, अशी एक गोष्ट मी चाळीस वर्षं शाळेत शिकवली.

आणि तिने इस्राएली लोकांची गोष्ट सांगितली. गुलामीतून सुटलेली माणसं. त्यांच्या पुढाऱ्याने त्यांना बाहेर काढलं, वाळवंटात आणलं आणि तो देवाशी बोलायला डोंगरावर गेला. दिवस गेले, तो काही खाली येईना.

"पुढारी दिल्लीला गेला की गल्लीत काय होतं, माहितेय मला," आबा म्हणाले. "पुढे?"

लोक घाबरले. पुढाऱ्याच्या भावाकडे गेले आणि म्हणाले, आम्हाला डोळ्यांना दिसेल असा देव करून दे.

"सख्ख्या भावाकडे?"

"जा, आजोबा. ब्रूडर. सख्खा." घाईत तिच्या तोंडून 'हो'च्या जागी जर्मन 'जा' येतो.

"असंच असतं. सांग, असंच असतं म्हणावं."

भावाने सांगितलं, बायकामुलांच्या कानातलं सोनं काढून आणा. ते आणलं, वितळवलं आणि त्याचं वासरू केलं. आणि कालपर्यंत गुलाम असलेली ती माणसं वासराभोवती नाचायला लागली.

इथे आईचा हात आपोआप कानाच्या पाळीकडे गेला. मी बघितलं. माझ्या प्रवेशाच्या वेळी तिची कानातली फुलं गेली होती. तिच्या आईने तिला लग्नात दिलेली, घरात तेवढंच सोनं होतं. आता तिच्या कानात खडे असतात, जत्रेतले. मी नोकरीला लागल्यावर सोन्याची करून दिली तर ती माझ्या मुलीसाठी ठेवून दिली.

"मग पुढारी खाली आला?" आबांनी विचारलं.

आला. त्याने वासरू जाळलं, कुटून त्याची पूड केली, पाण्यात कालवली आणि लोकांना प्यायला लावली.

"पाजली?" आबांना हे फारच आवडलं. "बरं केलं. मी नुसते नदीत सोडले. हे आणखी बरं."

घरमालकीण म्हणाली, लहानपणी मला त्या लोकांचा राग यायचा. काय मूर्ख माणसं. आता येत नाही. ती वाईट नव्हती, घाबरली होती. जुनं सुटलेलं आणि नवीन अजून हाताला लागलेलं नाही. अशा वेळी माणसाला काहीतरी दिसणारं लागतं. मग स्वतःच म्हणाली, माझ्या गॅरेजमध्ये माझ्या नवऱ्याची गाडी आहे. नऊ वर्षांत चालू केलेली नाही. दर शनिवारी पुसते.

मुलीने हे सगळं मराठीत आणलं, थोडं मागेपुढे. आणि आणल्यावर तिचं डोकं जिथे जायचं तिथे गेलं. "आजोबा, तुम्ही पण फुलं ठेवता. मामाच्या पेपरला." घरात ती मला मामा म्हणते, इथल्या मुलांसारखं. आबांना त्याची अजून सवय झालेली नव्हती, पण अर्थ पोचला.

त्यांचा चेहरा बदलला. आवाज मात्र चढला नाही. "ते वासरू नाही, बाळा. वासरू कुणीही ओततं. तो कागद तुझ्या आईने कमावलाय. त्याच्यासाठी ती दिवसाला एक वेळ जेवली आहे." मग त्यांना सुचलं. "तुला शाळेत न्यायचंय ना काही? तोच ने. सगळ्यांना दाखव. सांग, आमच्या घरात हे पवित्र."

मुलीने माझ्याकडे बघितलं. तिला खोटं बोलता येत नाही. ते तिने माझ्याकडून घेतलंय, असं मी त्या दिवसापर्यंत समजत होते. ती जर्मनमध्ये पुटपुटली, "पण मामाला तो आता लागत नाही."

घरमालकिणीला अर्थातच समजलं. ती केकचं ताट उचलून उगाच सारखं करायला लागली.

"काय म्हणाली?" आबांनी मला विचारलं.

मला काहीही सांगता आलं असतं. ती म्हणते फ्रेम जड आहे. ती म्हणते काच फुटेल. टेबलावर मराठी आणि जर्मन दोन्ही पुरतं येणारी मी एकटीच. मी भाषांतर केलं. खरं केलं. आणि मग पुढचंही सांगितलं, कंपनी, करार, किंडरगार्टन, सप्टेंबर, सगळं एका दमात.

आबांनी कप बशीसकट बाजूला सारला.

"म्हणजे लोकांची पोरं सांभाळायची."

"शिकवायची, आबा. तीन ते सहा वर्षांची."

"त्यांचा शेंबूड पुसायचा. ढुंगण धुवायचं."

"तेही असतं."

"चौतीस वर्षं मी दुसऱ्याची घाण काढली. एकाच गोष्टीसाठी. तुझ्या हाताला ती लागू नये." ते अगदी हळू बोलत होते. "आणि तू पोचलीस सातासमुद्रापार, मोठी इंजिनिअर झालीस, आणि हात वर करून म्हणालीस, द्या मला."

मी बडबडी आहे, भांडणात हरत नाही. पण हे खरं होतं. त्यांच्या बाजूने ते पूर्ण खरं होतं.

घरमालकिणीने मुलीला विचारलं, काय चाललंय. मुलगी म्हणाली, "भांडतायत. पण जोरात नाही."

तेव्हा आई बोलली. आई चारचौघांत आबांच्या मध्ये बोलत नाही, घरी वसूल करते. "अहो, एक विचारू? कानातलं कुणाचं गेलं होतं?"

"तुझं."

"मग मी बोलते. मी ते दिलं ते पोरगी कुणापुढे वाकू नये म्हणून. ती कुणापुढे वाकली नाही. साहेबाने काढून टाकायच्या आधी स्वतः उठून आली. तुम्ही कधी उठून आला होता? आणि शेंबडाचं म्हणाल, तर हिचा कुणी पुसला? तेव्हा मला कुणी म्हणालं नाही की घाण काम करतेस. मी वासरू घडवायला सोनं दिलं नव्हतं."

मग तिने घरमालकिणीकडे वळून मराठीतच सांगितलं, केक छान झालाय, चेरीच्या बिया काढायला वेळ लागला असेल. मुलीने भाषांतर केलं. घरमालकीण म्हणाली, गेनाऊ, अगदी बरोबर, दोन तास.

दुसऱ्या सकाळी आबांनी आंघोळ केली, सदरा घातला आणि बाल्कनीत जाऊन बसले. फ्रेमकडे गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. माझ्याशी बोलायचे, पण कामापुरतं. चहा झाला. खिडकी लाव. मी खरं सांगते, मला रडायला आलं, ते त्यांच्या बोलण्यामुळे नाही. रोज येताजाता ती भिंत बघायची मलाही सवय होती. आता तिथे कुणी उभं नव्हतं तर मला ती नुसती भिंत वाटायला लागली, आणि मी घाबरले. मुलीने विचारलं तेव्हा पवित्र काही नसतं म्हणणारी मीच.

कोंडी फोडली ती मुलीने, न ठरवता. गुरुवारी शाळेतून आली आणि दप्तर टाकून म्हणाली की वर्गात तिने काहीच नेलं नाही. इतरांनी माळा आणल्या होत्या, मेणबत्त्या, एकाने फुटबॉल संघाचा रुमाल. तिने रिकाम्या हातांनी उभं राहून आजोबांची आणि नदीची गोष्ट सांगितली. पाच मिनिटांच्या जागी वीस मिनिटं गेली, कारण मुलं प्रश्न विचारत होती. देव पोहतात का. मासे त्यांना खातात का.

बाल्कनीतून आबा आत आले. "नीट सांगितलंस का सगळं? धोतराचं?"

"जा."

"माझी आई जेवली नाही, ते?"

"ते पण. एक मुलगी म्हणाली, तुझ्या आजोबांनी आधी त्यांच्या आईला विचारायला पाहिजे होतं."

आबा खुर्चीत बसले. "बरोबर आहे," म्हणाले. "नव्हतं विचारलं." आणि मग मला, "कुठे आहे ते तुझं? लांब आहे का?"

शुक्रवारी मला एक कागद द्यायला किंडरगार्टनमध्ये जायचंच होतं. आबांना घेऊन बसने गेले. आई म्हणाली, तुम्ही जा दोघंच.

मुलं बाहेर वाळूत होती. दाढीवाला एक उंच माणूस गुडघ्यांवर बसून एका पोराचं नाक पुसत होता, एका हाताने, दुसऱ्या हाताने दुसऱ्याच्या बुटाची नाडी धरून. आबा कुंपणापाशीच थांबले.

"हा कोण?"

"शिक्षक. माझा साहेब म्हणा हवं तर. याच्या हाताखाली शिकणार."

"बाप्या माणूस?"

"बाप्या माणूस."

"आणि घरच्यांना चालतं याच्या?"

मी तसंच त्या माणसाला विचारलं. तो हसला. म्हणाला, माझे वडील खाटीक आहेत, आमचं दुकान आहे. दोन वर्षं बोलले नाहीत माझ्याशी. मी आबांना सांगितलं. आबांनी मान हलवली, बापाच्या बाजूने. "दोन वर्षं जास्त झाली," एवढं म्हणाले.

त्या माणसाने त्यांना बसायला खुर्ची दिली. तिथे सगळ्या खुर्च्या फूटभर उंचीच्या. आबा जाकीट सावरत तिच्यावर बसले, गुडघे कानांपाशी. लगेच एक पिवळ्या टोपीची मुलगी आली आणि तिने त्यांच्या मांडीवर प्लॅस्टिकची बशी ठेवली. बशीत वाळूचा ओला गोळा, वर एक पान. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"हे काय?"

"केक, आबा. खा म्हणतेय."

आबांनी बोटाने चिमूट उचलली, तोंडाजवळ नेली, चावल्यासारखं केलं. डोळे मिटून विचार केला. "मीठ कमी आहे. सांग तिला."

मी सांगितलं. ती धावत गेली आणि मूठभर वाळू आणून वर घातली. हे चार वेळा झालं. पाचव्यांदा आबा म्हणाले, आता जमलं.

परत येताना बसमध्ये ते खिडकीशी बसले होते. आमचा थांबा यायच्या जरा आधी माझ्या हातांकडे बघून म्हणाले, "नखं बारीक ठेव. आणि कामावरून आलीस की दारातच चपला, मग हात, कोपरापर्यंत, साबण दोनदा. मगच पोरीला जवळ घ्यायचं. तू लहान असताना मी तसंच करायचो. तू रडायचीस, थांब म्हणायचो."

"बरं, आबा."

"दोनदा," ते म्हणाले. "एकदा केलं की वाटतं झालं. होत नाही."